थांबा, बाकीचे यायचेत

सोलापुरातून करिंथला जायचा जुना रस्ता बार्शीवरून जातो. हसू नका. बार्शीच्या पुढे तेर लागतं, गोरोबाकाकांचं तेर. पण तुम्ही पोचता तेव्हा गोरोबाकाकांना जन्माला यायला अजून बाराशे वर्षं आहेत आणि गावाला तगर म्हणतात. बाजारात कापडाच्या गाठी आवळल्या जातायत. बरंचसं कापड साधं, थोडं तलम. पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रवाटांची माहिती देणारं ‘पेरिप्लस’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात या गावाची नोंद आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचला जातं.

त्यातल्या एका गाठीवर बसा. भडोचला गलबत, हिवाळी वाऱ्यावर अरबी समुद्र, मग तांबडा समुद्र, इजिप्तच्या वाळवंटात उंट, नाईलवर होडी, अलेक्झांड्रियात पुन्हा जहाज. ग्रीसमधल्या किंख्रियाच्या धक्क्यावर उतरलात की करिंथ दोन-अडीच तासांच्या चालीवर. साल ५५ धरा, एखादं वर्ष इकडे-तिकडे. आज संध्याकाळी तिथे एक पत्र वाचलं जाणार आहे. येशूचा प्रेषित पौल याचं करिंथकरांना पहिलं पत्र. सोलापुरातल्या कुठल्याही चर्चमध्ये ते मराठी बायबलात मिळेल, सोळा अध्यायांत नीट कापून, ओळींना आकडे लावून. ती कापाकापी फार पुढची. अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँग्टनने पाडले, ओळींचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. त्यामुळे तेरावा अध्याय लग्नाला, पंधरावा मयताला आणि अकराव्यातला तुकडा प्रभुभोजनाला अशी वाटणी होऊन बसली आहे. आज तुम्ही ते सलग ऐकणार आहात. साधारण तासाभराचं काम आहे.

इथे नुसतं बघायला आलेल्याला काही कळत नाही, म्हणून तुम्हाला एक अंग देतो. तुम्ही हमाल आहात, आणि गुलाम. करिंथ एका चिंचोळ्या भूपट्टीवर वसलंय. पूर्वेच्या समुद्राला किंख्रिया, पश्चिमेच्या समुद्राला लेखेयोन. दक्षिणेच्या टोकाला वळसा घालताना जहाजं फुटतात, म्हणून व्यापारी माल इकडे उतरवून पलीकडे पाठवतात. मधली जमीन तुमच्या पाठीवरून पार होते. तुमचं नाव पाचवा. इथल्या ख्रिस्ती मंडळीत एक तिर्तियस आहे, एक कुवर्त आहे, म्हणजे तिसरा आणि चौथा. गुलामांत आणि गुलामीतून सुटलेल्यांत अशी नावं सर्रास असतात. त्यांच्या मागोमाग तुम्ही.

गाव तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. इ.स.पूर्व १४६ मध्ये रोमनांनी जुनं करिंथ उद्ध्वस्त केलं आणि शंभर वर्षं ते तसंच पडून राहिलं. इ.स.पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने ते पुन्हा वसवलं, आणि वसवायला मुख्यतः गुलामीतून सुटलेले लोक पाठवले. म्हणजे सगळे बाहेरून आलेले, पोटासाठी आलेले. दगडांवर लॅटिन, गल्लीत ग्रीक. पूर्व भागात तेलुगू ऐकत, बाजारात कन्नड आणि उर्दू बोलत, शाळेत मराठी शिकत वाढलेल्या सोलापूरकराला यात नवल काय वाटणार? अशा गावात जुनं घराणं कुणाचंच नसतं, त्यामुळे नव्या पैशाला आपलं नाव दगडात कोरून घ्यायची घाई असते. नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीवर एरास्त नावाच्या माणसाने कोरून ठेवलंय की अधिकारपद मिळाल्याबद्दल ही फरशी मी स्वखर्चाने घातली. पौलाच्या ओळखीचा एरास्त, नगराचा खजिनदार, तो हाच का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

बाजारातून जाताना शिवणकामाच्या दुकानांकडे बघा. पाचेक वर्षांपूर्वी यातल्याच एखाद्या खणात अक्विल्ला, त्याची बायको प्रिस्किल्ला आणि पौल तंबू शिवत बसत. कातड्याचे की जाड कापडाचे, यावर मतं दोन आहेत. पौल मूळ किलिकियातल्या तार्सचा, आणि त्या मुलखातलं बकरीच्या केसांचं खरखरीत कापड प्रसिद्ध होतं. आपल्याकडच्या धनगरी घोंगडीशेजारी ते खपून गेलं असतं. तो इथे दीड वर्ष राहिला. गल्लियो नावाच्या रोमन अधिकाऱ्यापुढे त्याच्यावर फिर्याद झाली, ती फेटाळली गेली. त्या गल्लियोचं नाव डेल्फीला एका शिलालेखात सापडलं, म्हणून तर आपल्याला हे सगळं ५१ सालच्या आसपास बसवता येतं. गावातल्या प्रतिष्ठितांना मात्र पौलाची लाज वाटायची. गुरू म्हणवणाऱ्याने दाभण धरावं? चांगल्या वक्त्याला आश्रयदाता मिळतो, तो त्याच्या घरी जेवतो, त्याची स्तुती करतो. पौल पैसे घेईना. त्याने कुणाच्या उपकारात राहायचं नाकारलं, आणि हा नकार काही घरांत अपमान म्हणून लक्षात राहिला.

आता संध्याकाळ. आठवड्याचा पहिला दिवस. रविवारची सुट्टी अजून कुणाला ठाऊक नाही. या दिवशी बंदर चालूच असतं. शेवटचं पोतं टाकून, मालकाच्या कारकुनाला हिशेब देऊन तुम्ही निघता तेव्हा अंधार पडलाय. मंडळी गायसच्या घरी जमते. संबंध मंडळीला जागा देणारा माणूस, म्हणजे घर मोठंच. अशा घराची रचना अशी: जेवणाच्या खोलीत तीन बाजूंना तीन बाकं, प्रत्येकावर तिघे रेलून बसणार. नऊ माणसं. बाकी सगळे बाहेर चौकात, पाणी साठवायच्या हौदाच्या कडेने, उभे किंवा दाटीवाटीने बसलेले.

खोलीत कोण बसतं हे ठरवावं लागत नाही. यजमानाच्या बरोबरीचे बसतात. ज्यांना दिवसभर कुणाचा हुकूम नाही ते आधी येतात आणि आधी सुरू करतात. रोमन पंगतीत ताटंसुद्धा सारखी नसत. जवळच्यांना चांगल्या दारूचा पेला, लांबच्यांना पाणचट. पुढे प्लिनी नावाच्या सरदाराने आपल्या पत्रात असल्या यजमानावर झोड उठवलीय आणि मार्शल कवीने त्याची टर उडवलीय, पण दोघांच्या तक्रारीवरून रीत किती रुळलेली होती तेच कळतं. यात कुणी दुष्टपणा केला असं गायसच्या पाहुण्यांना स्वप्नातही वाटत नसणार.

तुम्ही चौकात येता. मासळीचा वास आहे, मासळी नाही. टोपलीच्या तळाला जवाच्या भाकरीचे तुकडे. खोलीतून हसण्याचे आवाज येतात, आणि एकाचा आवाज जरा जास्तच चढलेला. त्यात धान्य महागलंय. क्लौद्य बादशहाच्या काळात करिंथात दिनिप्पस नावाच्या गृहस्थाला धान्यपुरवठ्याचा अधिकारी नेमल्याचे शिलालेख आहेत, आणि असा अधिकारी टंचाईत नेमतात. पौल या पत्रात सध्याच्या अडचणीचा काळ म्हणतो, तो हाच असावा असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. उपाशी माणसाचा उल्लेख या पत्रात अलंकार म्हणून आलेला नाही.

स्तेफनास, फर्तूनात आणि अखायिक समुद्रापलीकडे इफिसाला पौलाकडे जाऊन आलेत. बहुधा त्यांनीच गुंडाळी आणलीय. कुणीतरी दिव्याजवळ उभा राहतो आणि वाचायला लागतो. आशीर्वाद, आभार, नेहमीचं. मग लगेच: ख्लोवेच्या माणसांकडून कळलं की तुमच्यात भांडणं आहेत. चौकात माना वळतात. ख्लोवेची माणसं म्हणजे तिची नोकरमाणसं किंवा गुलाम. कामानिमित्त इफिसाला गेली आणि तिथे बोलली. खोलीतल्यांनी पौलाला रीतसर पत्र लिहून प्रश्न विचारले होते, लग्नाचे, नैवेद्याचे, वरदानांचे. त्या पत्रात पंगतीचा विषय होता असं कुठे दिसत नाही. तो पौलाच्या कानावर गेला तो चौकातून, असं मी धरून चालतो. पत्र समजायचं तर हे दोन कागद वेगळे ठेवावे लागतात: त्यांनी काय विचारलं, आणि त्याला काय कळलं.

पुढचा बराच भाग तुम्ही भिंतीला टेकून ऐकता. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे तट पडलेत. एकाने बापाच्या बायकोला ठेवलंय. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. खेचणारे अर्थात पैसेवाले. मग एक वाक्य येतं की तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात. खोलीतल्यांना ते सुंदर वाटतं. तुम्हाला आकडा आठवतो, कारण तुमच्यासाठी खरोखरच मोजला होता. आखाताच्या पलीकडे डेल्फीच्या भिंतींवर हजारावर लेख आहेत, त्यांत गुलामाला अपोलो देवाने विकत घेतलं असं दाखवून मोकळं केलेलं आहे. तो व्यवहार तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुमचे कान टवकारतात. आणि पौल पुढे काय म्हणतो? मोकळं होता आलं तर त्याचा उपयोग करून घे, की मोकळं होता आलं तरी आहेस तसाच राहा? वाक्य त्याने इतकं आखूड ठेवलंय की दोन्ही अर्थ निघतात, आणि भाषांतरकार आजवर दोन्हीकडे वाटले गेलेत. इथे मला पौलाचा राग येतो. पंगतीवर इतकं स्वच्छ बोलणारा माणूस गुलामीवर असं अर्धवट का बोलतो?

नैवेद्याचा प्रश्न मात्र तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. देवळात कापलेल्या बळीचं मांस बाजारात विकायला येतं. ते खावं का? युरोपातल्या विद्वानांना यावर जाड पुस्तकं लिहावी लागली. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेहून आलेला शेजारी दारात प्रसाद घेऊन उभा राहिला, तर घरातल्या ख्रिस्ती माणसाने काय करायचं, हा प्रश्न सोलापुरात आजही बिनपुस्तकाचा आहे. पौलाची उत्तरं तीन आहेत आणि ती एकमेकांना नीट जुळत नाहीत. मूर्ती म्हणजे काही नाही, तेव्हा बाजारातलं बिनधास्त घ्या. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं विचारपूस न करता खा. पण तुमच्या खाण्याने एखाद्या कच्च्या मनाच्या भावाचा गोंधळ उडणार असेल, तर मी जन्मभर मांस सोडीन. शिवाय देवळाच्या पंगतीला बसायचं नाही ते नाहीच. नियम म्हणून हे लंगडं आहे. शेजाऱ्यांत राहणाऱ्या माणसाचा विचार म्हणून मात्र फार खरं आहे, कारण तो प्रत्येक वेळी ताटावरून नजर उचलून शेजारी कोण बसलाय ते बघतो.

बायकांनी प्रार्थना करताना डोक्यावरून पदर घ्यावा, हा भाग चटकन जाऊ द्या. तिथे पौल निसर्ग, देवदूत, रीत असं सगळं ओढून आणतो आणि शेवटी आमच्यात अशीच पद्धत आहे म्हणून विषय मिटवतो. एवढं ध्यानात घ्या की इथे बायका सभेत मोठ्याने प्रार्थना करतायत, संदेश देतायत. थोड्या वेळाने बायकांनी गप्प बसावं अशा दोन ओळी येतील. काही जुन्या हस्तलिखितांत त्या दुसऱ्याच जागी आहेत, म्हणून त्या मागाहून कुणी घातल्या अशी अनेकांना शंका आहे.

आणि मग वाचणाऱ्याचा आवाज बदलतो, कारण लिहिणाऱ्याचा बदललाय. तुम्ही एकत्र जमता ते चांगल्यासाठी नव्हे, वाईटासाठी. एकजण उपाशी, दुसरा प्यायलेला. खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का? ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवता? चौकात कुणी हलत नाही. तुमची लाज आजवर तुमची तुम्हीच गिळत होता. ती कुणीतरी इफिसात बसून मोठ्याने दुसऱ्याच्या पदरात टाकली. मग तो येशूच्या शेवटच्या रात्रीची भाकर आणि प्याला यांची गोष्ट सांगतो. चर्चमध्ये हे शब्द आज शांतपणे, गंभीरपणे म्हणतात. इथे ते भांडणाच्या मध्यावर, पुरावा म्हणून आलेत. एवढं सगळं पेटवून उपाय काय सांगतो? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

आता एक आडवी उडी घ्या. तुमच्याच जिल्ह्यात. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही काळ पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे नगरला आल्या त्या सोवळं घेऊनच: वेगळी चूल, वेगळं पाणी. घरात प्रेम, श्रद्धा, भांडण, विनोद सगळं होतं. अडलं होतं ते पाण्याच्या भांड्यावर. ते हळूहळू कसं सुटलं ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत वाचा. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ज्या अमेरिकन मराठी मिशनशी टिळक जोडले गेले त्याच मिशनचं केंद्र सोलापुरातही होतं. मिशनच्या नगर भागातल्या मंडळ्यांत बहुतेक माणसं महार समाजातली, काही मांग, मोजके ब्राह्मण. एका प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे, हा मिशनचा आग्रह. करिंथात अडचण वेळेची आणि पैशाची होती, इथे विटाळाची. उंच जातीचा माणूस खालच्याबरोबर बसेना, आणि महार-मांगांतही आपसात शिवाशिव होतीच. पौलाला जात ठाऊक नव्हती, पण त्याच्या या परिच्छेदाचा खरा कस लागला तो महाराष्ट्रात, असं मला वाटतं. आणि थांबा हा शब्द गिरणगावात किती महाग होता हेही बघा. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. भोंग्यावर चालणाऱ्या गावात जो उशिरा येतो तो आळशी म्हणून येत नाही, त्याची वेळ दुसऱ्याने विकत घेतलेली असते.

परत चौकात या, वाचन चाललंय. शरीर एक, अवयव अनेक. मग प्रीतीचा भाग. लग्नपत्रिकेतून ऐकलेला तो गोडवा इथे नाही. प्रीती सहनशील आहे, फुगत नाही, आपलंच बघत नाही, असं वाचलं जातं तेव्हा प्रत्येक ‘नाही’ला खोलीतला कुणी ना कुणी ओळखीचा वाटतो. पत्रात आधी ज्या ज्या दोषांवर बोट ठेवलं त्यांचीच ही उलटी यादी आहे. आरशात अंधुक दिसण्याची गोष्ट येते. आरसे काशाचे, घासून चकचकीत केलेले, आणि करिंथचं कासं नावाजलेलं. पुढे मेलेले उठतील का यावर लांबलचक वाद. खोलीतल्या शिकलेल्यांना आत्मा अमर चालतो, शरीर नको असतं. तुमच्या खांद्यावर घट्टे आहेत, आणि हा माणूस म्हणतोय की शरीरालाच भवितव्य आहे. त्या रात्री त्या घरात हे ऐकून सर्वांत जास्त थक्क कोण झालं असेल, ते सांगायला हवं का?

शेवटी एकदम हिशेबाची भाषा: यरुशलेमातल्या गरिबांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने जमेल तसं बाजूला ठेवावं. टंचाईच्या गावाकडूनच वर्गणी. ही ओळ सोलापूरने उलट्या बाजूने अनुभवली. संवत छप्पन्नच्या दुष्काळात, १९०० साली, अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली आणि ‘क्विटो’ नावाचं जहाज न्यू यॉर्कहून मका घेऊन मुंबईला आलं. ज्वारी खाणाऱ्या मुलखाला मका. वाटपाच्या कामात नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम पुढे होते. मिशनच्या दारात दुष्काळातली अनाथ पोरं आली. भुकेपोटी ख्रिस्ती झाले, हा टोमणा तेव्हापासून ऐकू येतो. त्यात तथ्य किती हा वेगळा विषय, पण करिंथच्या पत्रात पौल उपाशी माणसाला तू इथे का आलास असं कुठेच विचारत नाही. त्याची सगळी उलटतपासणी जेवून बसलेल्यांची आहे.

पुढच्या आठवड्यात गायसच्या घरी थांबले का? पत्राने जादू झाली असं समजू नका. पौलाला मध्येच एक भेट द्यावी लागली, ती वाईट झाली. मग त्याने रडत रडत एक पत्र लिहिलं, ते बहुधा हरवलं. बायबलातल्या दुसऱ्या पत्रात तो अजून दुखावलेला आहे, आणि वर्षभरापूर्वी कबूल केलेल्या वर्गणीची आठवण करून देतोय, तीही तुमच्याहून गरीब मासेदोनियाकरांनी दिली असं टोचून. चाळीस वर्षांनी, ९६ च्या सुमारास, रोमहून क्लेमेंटला करिंथकरांना पुन्हा लिहावं लागलं. विषय तोच, भांडणं. ही मंडळी काही सुधारायला तयार नव्हती.

पण वर्गणी त्यांनी दिली. पौलाने पुढे रोमकरांना पत्र लिहिलं त्यात तशी नोंद आहे, आणि ते पत्र त्याने करिंथातच, गायसच्या पाहुणचारात असताना सांगून लिहवून घेतलं. शेवटी सगळ्यांचे नमस्कार आहेत. पौल सांगत असताना लेखणी धरणारा मध्येच आपलं नाव घालतो, तिर्तियस. लगेच पुढच्या ओळीत यजमान गायस, नगराचा खजिनदार एरास्त आणि भाऊ कुवर्त, तिघे एकाच दमात.